बटणाला भोकं असतात ती शिवण्यासाठीच

‘सुई-दोरा’ सदराला आलेली पत्रं

दोन अंकांपूर्वी जुन्या बटणांच्या कानातल्यांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर बटणांच्या दागिन्यांनाच देते आहे. काहींनी माझ्याविषयीही विचारलं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मी लालबागची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. बाबांचा पगार थांबला आणि आईनं एका शर्टाच्या कारखान्यातून बटणं लावायचं काम घरी आणायला सुरुवात केली. काजं कारखान्यातच व्हायची, बटणं आमच्याकडे, पैसे डझनावर. शाळेतून आले की मीही आईशेजारी बसायचे. दोरा भोकांतून चार वेळा, मग बटणाखाली तीन फेरे, मग गाठ, आणि गाठ कायम पाठीमागे. आज बटणाचा कुठलाही दागिना मी ह्याच हिशेबानं करते.

*

सासूबाईंच्या पश्चात कपाट आवरताना श्रीखंडाचे दोन डबे बटणांनी भरलेले सापडले. टाकवत नाहीत. दागिने करायची हौस आहे, पण सुरुवात कुठून करू? — एक वाचक, परळ

डबे एकदम रिकामे करू नका. एक परात घ्या, तिच्यात जुना पांढरा टॉवेल अंथरा आणि मूठ-मूठ बटणं त्यावर ओता. टॉवेलवर बटण उडत नाही, घरंगळत नाही आणि पलंगाखाली जात नाही.

आधी जात ओळखा. बटण गालाला लावून बघा. गार लागलं आणि हाताला जड वाटलं तर बहुधा शिंपल्याचं. ते उलटं करा. पाठीवर तपकिरी किंवा पिवळसर झाक असेल, एक बाजू दुसरीपेक्षा जाड असेल, तर शिंपलाच. प्लॅस्टिक गालाला गार लागत नाही. नारळाच्या करवंटीची बटणं खडबडीत आणि हलकी असतात, त्यांच्यात बारीक रेषा दिसतात. पितळी बटणं ओळखायला सांगायला नको. ह्या ढिगांची धुण्याची रीत वेगवेगळी आहे आणि लोक इथेच चुकतात. पितळेला चिंच चालते, शिंपल्याला अजिबात नाही. शिंपला म्हणजे चुन्याचाच प्रकार, आंबट लागलं की चकाकी कायमची जाते. त्याला साधं पाणी, चमचाभर सौम्य साबण आणि जुना टूथब्रश पुरे. करवंटीची आणि लाकडाची बटणं भिजवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. काही फार जुनी प्लॅस्टिकची बटणं चटकन पेट घेतात, तेव्हा गरम सुई टोचून पारख करायची जुनी पद्धत घरात नको.

मग माप. बटणाचं माप लाईनमध्ये मोजतात, ४० लाईन म्हणजे एक इंच. शर्टाचं बटण साधारण १८ लाईनचं, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. २४ लाईन १५ मिलिमीटर, ३२ लाईन २० मिलिमीटर. हे कशासाठी सांगते? दुकानात ‘मधल्या आकाराचं द्या’ म्हटलं की दुकानदार हाताला येईल ते देतो. ‘चोवीस लाईन’ म्हटलं की हवं तेच हातात येतं.

पहिला दागिना म्हणून लोंबतं कानातलं करा. खाली ३२ लाईनचं बटण, वर १८ लाईनचं, दोघांची भोकं एकमेकांवर आणा आणि शर्टाला बटण लावतो तसं एकमेकांना शिवून टाका. पाठीमागे गाठ मारली की दोरा तोडू नका. मोठ्या बटणाच्या भोकापासून कडेपर्यंत सात-आठ मिलिमीटर अंतर असतं, छोटी कडी तिथवर पोचत नाही आणि मोठी कडी बटणावर बेढब दिसते. ब्लाउजच्या हुकासाठी आपण दोऱ्याचं घर करतो ना, तसंच करा. भोकातून कडेबाहेर दोऱ्याचे तीन सैल पदर घ्या आणि त्या पदरांवर काजटाका घट्ट घट्ट भरत जा. दहा मिनिटांत तारेसारखा ताठ फास तयार होतो. त्यात कानाचा हूक अडकवा. दोरा बटणाच्या रंगाचा न घेता उलट्या रंगाचा घेऊन बघा. पांढऱ्या शिंपल्यावर कुंकवाच्या रंगाचा दोरा फार खुलतो.

*

मावशी, मी अकरावीत आहे. मैत्रिणींसाठी बटणांचे टॉप्स केले, फेविक्विकने चिकटवले. बटणांवर पांढुरके डाग आले आणि दोन आठवड्यांत तीन जोड सुटले. गॅदरिंगसाठी वीस जोड करून देईन म्हणाले आहे. काय करू? — भांडुप

बाळा, तुझ्या हाताचा दोष नाही. ते चिकटवणं झटपट सुकतं तेव्हा त्याची थोडी वाफ बाहेर पडते आणि आजूबाजूला बसून पांढरी होते. डबीत बंद करून ठेवलंस तर आणखी बसते. आपल्या हवेत ओल फार, त्यानं अजूनच वाढतं. शिवाय ते सुकल्यावर काचेसारखं कडक होतं. दाबलं तर धरतं, पण पिळलं किंवा आपटलं तर तडकतं. टॉप्स घालताना आपण काय करतो आठव. एका हातानं बटण धरतो, दुसऱ्या हातानं मागची फिरकी दाबतो. रोज दोनदा तो जोड पिळला जातो.

हे मी फार महागात शिकले. बाबांच्या लग्नातल्या कोटाची पितळी बटणं आईनं जपून ठेवली होती. त्यातल्या दोनांचे मी टॉप्स केले, तेव्हा मी विशीत होते आणि घाई होती. मामेबहिणीच्या हळदीला घालून निघाले. करी रोडला गाडीत चढले तेव्हा दोन्ही होते. डोंबिवलीला उतरले आणि बहिणीच्या आरशात बघितलं, तर डाव्या कानात नुसती चकती. परतीच्या वाटेवर दोन्ही फलाट वाकून वाकून शोधले. दुसरं बटण अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून शिवता येईल तिथे मी चिकटवत नाही. बटणाला भोकं असतात ती शिवण्यासाठीच असतात गं, ती सोडून पाठीवर गोंद थापायचा म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून शिरायचं.

तर वीस जोडांसाठी असं कर. सपाट चकतीचे टॉप्स घेऊ नकोस. बारीक भोकांच्या चकतीचे मिळतात, चाळणीसारखी जाळी असते. बटण त्या जाळीवर ठेव आणि बटणाची भोकं व जाळीची भोकं ह्यांतून दोरा चार वेळा फिरव. गाठ जाळीच्या मागे. गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब. एका जोडाला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे वीस जोडांना पाच तास. मैत्रिणीला सोबत घे, दोन रविवारांत होईल.

पाठीमागे कडी असलेल्या, वरून भोकं नसलेल्या बटणांची कडीच जाळीतून आत घे आणि मागून दोऱ्यानं बांध. भोकंही नाहीत, कडीही मोडलेली, असं एखादं बटण फारच आवडलं असेल तर मात्र चिकटवणं भाग आहे. मग दोन नळ्यांचं अराल्डाइट आण, दोन्ही नळ्यांतलं सारखं सारखं घेऊन कालव. त्याआधी बटणाची पाठ आणि चकती दोन्ही पॉलिश पेपरनं घासून खरखरीत कर, स्पिरिटनं पूस, आणि चिकटवल्यावर रात्रभर हात लावू नकोस. खिडकी उघडी ठेवून कर, बोटांना लागू देऊ नकोस.

*

सामान मुंबईत कुठे मिळेल? — चार पत्रं

भुलेश्वर, आणि त्यातही तिसरा भोईवाडा: लेस, मणी, बटणं, हूक, कड्या. मरीन लाइन्स किंवा चर्नी रोडहून चालत जा. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर डब्या, कार्डं, दोरे. जुन्या बटणांसाठी चोर बाजार, पण तिथे नजर आणि सबुरी दोन्ही लागतात. भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटकडे रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद; चोर बाजार मात्र शुक्रवारी बंद असतो. घाऊक दुकानात बटणं ग्रोसवर मिळतात, ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४. घेण्याआधी चार-पाच बटणांच्या भोकांतून बोटाच्या पेरावर दोरा ओढून बघा. भोकाची कड धारदार असेल तर ते बटण दोरा कापणार.

*

वडील गेल्या वर्षी गेले. त्यांचे सात शर्ट आम्ही अजून दिले नाहीत. आम्ही तिघी बहिणी. शर्ट कुणाला तरी उपयोगी पडावेत असं आईला वाटतं, पण काहीतरी आमच्याकडे राहावं असं आम्हाला वाटतं. त्या बटणांचं काही करता येईल का? मला शिवण जेमतेम येतं. — बोरिवली

तुमचं पत्र दोनदा वाचलं. करता येईल, आणि तुम्हीच करा, बाहेर देऊ नका.

पहिलं काम शर्टांचं. तुमची आई म्हणते तसे शर्ट द्यायचेच असतील तर बटणं काढल्यावर तिथे नवी लावून द्या. १८ लाईनची साधी पांढरी बटणं एक ग्रोस आणलीत की सातही शर्ट भरतील. बटणाशिवायचा शर्ट दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

आता मोजू या. पूर्ण बाहीच्या शर्टाला पुढे सहा, गळ्याचं एक, दोन कफांना दोन, कफाच्या वरच्या चिरेला दोन. आणि एक बटण असं असतं ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: पुढच्या पट्टीच्या अगदी तळाशी आतून शिवलेलं जादा बटण. एकूण बारा. सात शर्टांची ८४, तिघींना वाटून प्रत्येकी २८. कुठे एखादं कमी निघेल, कुठे कधीतरी बदललेलं वेगळ्या रंगाचं निघेल. ते बाजूला काढू नका. ते कुणी लावलं, आईनं की खुद्द वडिलांनी, ते आईला विचारा.

बटण कात्रीनं खेचून काढू नका. बटण आणि कापड ह्यांच्यामध्ये कंगव्याचा दात सरकवा आणि ब्लेडनं कंगव्याच्या वरचा, बटणाखालचा दोरा कापा. म्हणजे कापडाला ओरखडा येत नाही. सगळी बटणं एकत्र टाकू नका, प्रत्येक शर्टाची वेगळ्या पुडीत बांधा आणि वर लिहून ठेवा. वाटणी करताना प्रत्येकीला सातही शर्टांतली चार-चार बटणं येतील असं बघा. गळ्याच्या बटणाची कड बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेली असते, रोज बोटांनी लावलेलं-काढलेलं असतं ते. गळ्याची सात, तुम्ही तिघी. दोन-दोन घेतलीत तर एक उरतं. ते आईचं.

आता दागिना. पुतळीमाळेत पुतळ्या शेजारी शेजारी कशा बसतात ते आठवा. तशीच ही माळ करायची, बटणाला बटण लागून, सगळी सपाट. २८ बटणं, प्रत्येक साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे ३२२ मिलिमीटर, साधारण साडेबारा इंच. पुढचा भाग तेवढा पुरेसा आहे. मागे ठुशीला असते तशी रेशमी दोरी आणि सरकता गोंडा लावा, म्हणजे लहान-मोठं करता येतं. गोंडा स्वतः करायचा धीर होत नसेल तर मंगळसूत्र गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडे जा. तेवढंच काम त्याला द्या.

ओवायचं कसं ते नीट सांगते. शर्टाची बटणं चार भोकांची असतात. ती एका दोऱ्यावर ओवली तर गिरकी घेतात आणि माळ घातल्यावर निम्मी उलटी दिसतात. म्हणून दोन सुया, दोन दोरे, एक वरच्या दोन भोकांसाठी, एक खालच्या दोन भोकांसाठी. दोन्ही दोरे पाठीमागून डाव्या भोकांतून वर काढा, बटणाच्या तोंडावरून आडवे न्या, उजव्या भोकांतून खाली घाला. आता दोन्ही दोरे बटणाच्या पाठीशी आले. तिथे दोघांची मिळून एक गाठ मारा, बटणाच्या कडेला अगदी टेकून. गाठ मारताना सुईचं टोक गाठीत ठेवा आणि सुईनं गाठ कडेपर्यंत ढकलत न्या, मग सुई काढून आवळा. नुसत्या बोटांनी आवळली तर गाठ मध्येच बसते आणि फट राहते. मग पुढचं बटण, पुन्हा डावीकडून वर, उजवीकडून खाली. आपला धावदोराच आहे हा, फक्त कापडाऐवजी बटणातून घालायचा. ‘जेमतेम शिवण’ एवढ्याला पुरतं.

तोंडावर दोन आडव्या रेघा दिसतात, शर्टावर बटण लावल्यावर दिसतात तशाच. मला तेच ह्या माळेतलं सगळ्यात सुंदर वाटतं. ते बटण कापडावरच आहे असं वाटतं.

दोरा तंगूसचा घेऊ नका. तंगूस मजबूत खरा, पण गुळगुळीत, त्याची गाठ हळूहळू सुटते. जाड पॉलिस्टरचा दोरा घ्या आणि मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढा. आमच्याकडे गणपतीतल्या उरलेल्या मेणबत्त्या आई त्यासाठीच ठेवायची. मेणानं दोऱ्याचे तंतू बसतात, गाठ धरते आणि भोकात घासून झिजत नाही. तरी माळ ओवायला बसण्याआधी प्रत्येक भोकाची कड तपासा. धार असेल तर पॉलिश पेपरची बारीक पुरचुंडी पिळून भोकात दोन-चार वेळा फिरवा.

आणखी एक. एका शर्टाच्या काजपट्टीचा बोटभर तुकडा कापून घेता आला, तर गोंड्याच्या गाठीवर तो गुंडाळून शिवा. मानेच्या मागे, केसांखाली राहतो. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. अर्थात मग तो एक शर्ट देता येणार नाही, ते तुम्ही चौघींनी ठरवायचं.

माळ झाली की मला कळवा. फोटो पाठवला नाहीत तरी चालेल.

*

पावसाळ्यात हूक काळे-हिरवे पडतात आणि कानाला खाज सुटते. बटणामुळे होत असेल का? — चेंबूर

बटणामुळे नाही, बहुतेक हुकामुळे. स्वस्त हुकांच्या धातूत निकेल असतं, बऱ्याच जणींना ते सोसत नाही. त्यात आपला घाम आणि जून ते सप्टेंबरची ओल. मुलामा उडाला की आतलं पितळ किंवा तांबं उघडं पडतं, ते हिरवं होतं. मी एकदा एका दुकानातून ‘चांदीचे’ म्हणून हूक घेतले होते, चौथ्या दिवशी कानाची पाळी सुजली. तेव्हापासून ९२.५ चा शिक्का बघितल्याशिवाय चांदी म्हणून काही घेत नाही. नाहीतर स्टेनलेस स्टीलचे घ्या, ते गंजतही नाहीत. हुकाला नेलपॉलिश लावायचा उपाय चार दिवसांचा, निघून जातं. बटणच धातूचं असेल आणि मानेला लागत असेल तर त्याच्या पाठीला सुती कापडाची चकती शिवा. डबीत खडूचा तुकडा ठेवा, ओल ओढून घेतो. पाळीतून पाणी किंवा पू येत असेल तर दागिन्याचा विचार सोडून डॉक्टरांकडे जा.

*

दोन वर्षांच्या नातीसाठी बटणांचं ब्रेसलेट करावं का? — मुलुंड

नको. ह्या वयात सगळं तोंडात जातं आणि बटण घशात अडकतं. तिच्या फ्रॉकवर रंगीत दोऱ्यानं बटणांचं चित्र भरा, ब्रेसलेट शाळेत जायला लागल्यावर.

*

ताई, मी कानातले ६० रुपये जोडी विकते. शेजारणी म्हणतात, बटणाचं काय एवढं, कचराच तर आहे. मिस्टरही म्हणतात, वेळ फुकट घालवतेस. महिन्याला ३०-४० जोड जातात पण हातात काही उरत नाही. किंमत वाढवली तर कोणी घेईल का? — विक्रोळी

आधी ‘कचरा’ ह्या शब्दाविषयी. बटण कपडे बंद करण्यासाठी फार उशिरा वापरात आलं. त्याआधी ते मिरवण्यासाठीच होतं. मोहेंजोदडोला साडेचार हजार वर्षांपूर्वीची शिंपल्याची बटणं सापडली, घासून आकार दिलेली, शिवण्यासाठी भोकं पाडलेली, ती शोभेची होती असंच मानतात. इतकं लांब जायलाही नको. आपल्या महाराष्ट्रातल्या लमाण बायकांची कांचळी, म्हणजे त्यांची चोळी, बघा. कवड्या, आरसे, नाणी आणि त्यांच्या बरोबरीनं बटणं. एकेका कांचळीत महिन्या-महिन्याचं काम असतं. तिला कुणी कचरा म्हणून दाखवावं.

आता पैसे. कागद घ्या आणि एक जोड करताना घड्याळ लावा. समजा चाळीस मिनिटं लागली. तासाला १२० रुपये धरा, तर मजुरी झाली ८०. बटणं, हूक, दोरा मिळून समजा ३५. कार्ड आणि पिशवी १०. झाले १२५. दहातला एक जोड बिघडतो किंवा पडून राहतो, त्याचे १५ घाला, १४०. तुम्ही ६० ला विकता. म्हणजे सामानाचे ४५ वजा जाता चाळीस मिनिटांचे तुम्हाला १५ रुपये मिळतात. मिस्टर म्हणतात वेळ फुकट जातो, तर तो ह्या हिशेबामुळे जातो, बटणांमुळे नाही. त्यांना हा कागद दाखवा.

आईचे डझनावरचे पैसे मी मोजायचे, म्हणून हे मला फार लागतं. भाव कारखानदार ठरवायचा, तिला बोलायची सोय नव्हती. तुमचा भाव तुम्ही ठरवू शकता.

एकदम १४० करू नका असं सगळे सांगतील. मी म्हणते, जुन्या नमुन्यांचा भाव १०० करा आणि नवे, जास्त कामाचे नमुने १५० ला काढा. सगळ्या साठ रुपयांच्या ग्राहक राहणार नाहीत. निम्म्या राहिल्या तरी हातात आजच्यापेक्षा जास्त उरेल: ४० जोडांवर ६०० रुपये उरत होते, २० जोडांवर प्रत्येकी ५५ म्हणजे ११०० उरतील, आणि वीस जोडांचा वेळ वाचेल तो वेगळाच. कार्डावर बटणाची जात लिहा, ‘शिंपला’, ‘करवंटी’, ‘पितळ’. खात्री नसेल तर काही लिहू नका, प्लॅस्टिकला शिंपला म्हणू नका. आणि ‘सुटलं तर आणून द्या, शिवून देईन’ एवढं एक वाक्य लिहा. शिवलेलं असेल तर फार क्वचित कुणी येईल.

पुढे वाढवायचं ठरलं तर उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

शेजारणींना फुकट देणं मात्र आजपासून थांबवा. वाढदिवसाला द्या, मनापासून द्या. सहज मागितलं म्हणून नको.

*

माझं वय ७८. गिरगावात राहते. आयुष्यभर शिवण केलं. आता सुईत दोरा ओवता येत नाही, हातही थोडा थरथरतो. तुमचं वाचून बटणांची माळ करावीशी वाटते. जमेल का? — गिरगाव

आजी, नमस्कार करते.

जमेल. बटणं ४० लाईनची घ्या, इंचभर व्यासाची, कोटाची असतात तशी. भोकं मोठी असतात, सुई आपोआप वाट काढते. सुई रफूची, लांब नेढ्याची. मांडीवर बटण गडद असेल तर पांढरा पंचा आणि बटण पांढरं असेल तर गडद कापड अंथरा, भोकं उठून दिसतात. दुपारी बाराच्या आत, खिडकीशी बसा. हात थरथरतो तर बटण हातात धरू नका, जाड उशीवर ठेवा आणि एका टाचणीनं एका भोकातून उशीला खोचून टाका. मग ते हलत नाही आणि तुमचा एक हात मोकळा राहतो. एका बैठकीत पाच बटणं झाली की ठेवून द्या.

ओवण्याचं काम नातवंडांना किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला सांगा. रोज नाही जमलं तर आठवड्यातून एकदा, पण एकदम डझनभर सुया ओवून घ्या, प्रत्येकीत हातभर दोरा, आणि टोचणीच्या उशीत रांगेनं खोचून ठेवा. संपाच्या त्या दिवसांत आईला चाळीतल्या चाळीस वॅटच्या दिव्यात नेढं दिसायचं नाही. शाळेत जायच्या आधी मी बारा सुया ओवून ठेवायचे, सहा पांढऱ्या दोऱ्याच्या, सहा निळ्या. संध्याकाळी घरी आले की आधी उशीकडे बघायचे, किती मोकळ्या झाल्या ते.